संमतीपत्रातली गर्भनिरोधाची अट

(चाकण परिसरातल्या एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



विषय कळवला त्या दिवशी संयोजकांपैकी एकांचा फोन आला. ‘मॅडम, समोर ज्येष्ठ मंडळी असतात, घरची माणसं असतात. शीर्षकातला तो शब्द टाळता येईल का?’ मला टाळता आला असता. पण औषधाच्या चाचणीत सामील होणाऱ्या बाईला तो टाळता येत नाही. तिच्यापुढच्या संमतीपत्रात तो छापलेलाच असतो, आणि पुष्कळदा समोरचा अनोळखी तरुण डॉक्टर तो तिला मोठ्यानं वाचून दाखवतो; शेजारी नवरा बसलेला असतो, नाहीतर सासू. म्हणून शीर्षक होतं तसं ठेवलं.

मी डॉक्टर नाही. एका एथिक्स कमिटीत, म्हणजे माणसांवर होणाऱ्या औषधाच्या चाचणीला मान्यता द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या समितीत, मी वैद्यकाबाहेरची सदस्य म्हणून बसते. डॉक्टर मंडळी मात्रा आणि रक्ततपासण्यांवर बोलत असतात तेव्हा आम्ही संमतीपत्र वाचायचं आणि विचारायचं, की हे मराठी नक्की कुणासाठी लिहिलंय? त्या वाचनात एक परिच्छेद पुन्हा पुन्हा भेटतो. सहभागी स्त्रीची गर्भचाचणी निगेटिव्ह असावी. अभ्यास चालू असेपर्यंत आणि शेवटच्या डोसनंतर अमुक महिने तिनं ‘अत्यंत परिणामकारक’ गर्भनिरोधक साधन वापरावं. पुरुषांसाठी असा परिच्छेद कधी असतो, कधी नसतो. असला तर निरोध वापरा आणि वीर्यदान करू नका, एवढ्यावर भागतं.

हा विषय आपल्या पट्ट्यात कशाला, असं कुणाला वाटेल. पिंपरी-चिंचवड म्हणजे लेथ, प्रेस शॉप आणि गाड्या, अशी आपलीच समजूत आहे. पण पिंपरीत गाड्यांच्या कंपन्या येण्याआधी औषधाची कंपनी आली. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली उभी राहिली, तिथं पेनिसिलिन बनू लागलं, आणि आपण आजही बसथांब्याला ‘एच. ए.’ म्हणतो. भोसरी एमआयडीसीत एमक्युअर आहे. शेजारी हिंजवडीत जेनोव्हा आहे. तिच्या कोविडवरच्या एमआरएनए लशीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली. आणि याच भोसरीत, वर्कशॉपांच्या गराड्यात, १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली, जिला सगळे ‘नारी’ म्हणत आले. भारतातली एचआयव्ही लशीची पहिली चाचणी फेब्रुवारी २००५ मध्ये तिथंच सुरू झाली, ३० निरोगी स्वयंसेवकांवर. लस सुरक्षित ठरली, प्रतिकारशक्ती मात्र फारशी जागी झाली नाही आणि ती पुढे गेली नाही. पुढे टेनोफोविर या औषधाचं योनीत लावायचं जेल सुरक्षित आहे का, हे पुण्यात आणि अमेरिकेतल्या दोन शहरांत मिळून २०० स्त्रियांवर तपासलं गेलं.

या जेलवर क्षणभर थांबते. शरीरसंबंधातून होणारा संसर्ग रोखायचा म्हणून ते बनवलेलं. म्हणजे चाचणी उपयोगाची व्हायची तर बाईचे शरीरसंबंध चालू हवेत. आणि गर्भावर काय परिणाम होईल हे माहीत नाही म्हणून तिला दिवस मात्र जायला नकोत. दिवस गेले की जेल बंद. आफ्रिकेतल्या जेलच्या पुढच्या चाचण्यांत हे इतक्या वेळा घडलं की शास्त्रज्ञांचं गणित डळमळू लागलं. अट कागदावर होतीच. पण घरात मूल हवं होतं, किंवा नवऱ्याला निरोध नको होता, किंवा गोळी आणायला दवाखान्यात जायचं राहून गेलं होतं.

अट कुठून आली ते पाहू. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड बाजारात आलं. झोपेसाठी, आणि गरोदरपणातल्या मळमळीसाठीही ते बायकांनी घेतलं. नोव्हेंबर १९६१ मध्ये ते तिथं मागे घेतलं गेलं तोवर जगभरात सुमारे १०,००० मुलं अपुऱ्या हातापायांची किंवा इतर व्यंगं घेऊन जन्मली होती. अमेरिकेत अन्न व औषध प्रशासनातल्या फ्रान्सिस केल्सी यांनी कंपनीच्या दबावाला न जुमानता परवानगी अडवून धरली होती, म्हणून तिथली बहुतेक मुलं वाचली. या हादऱ्यातून जी शहाणीव आली तिची मजल पुढे भलतीकडेच गेली. १९७७ मध्ये अमेरिकेनं मार्गदर्शक सूचना काढली, की मूल होऊ शकेल अशा स्त्रीला औषधाच्या सुरुवातीच्या चाचण्यांत घेऊच नये. साधन वापरणारी असो, एकटी राहणारी असो, नवऱ्याची नसबंदी झालेली असो. ही सूचना मागे घ्यायला १९९३ उजाडलं. आज आपण जी अट वाचतो ती त्या बंदीनंतरची तडजोड आहे. बाई, ये, पण गर्भाशयाला कुलूप लावून ये.

कुलूप कोणतं चालेल, हेही ठरलेलं आहे. वर्षभरात शंभरातल्या एकीपेक्षा कमी जणींना दिवस जात असतील तर ते साधन ‘अत्यंत परिणामकारक’. तांबी, नियमानं घेतलेल्या संप्रेरकांच्या गोळ्या, इंजेक्शन, बाईचं ऑपरेशन, नवऱ्याची नसबंदी. निरोध या यादीत बसत नाही. रोजच्या वापरात वर्षाला शंभरातल्या तेराएक जणींना दिवस जातात. पाळीचे दिवस मोजणं चालत नाही. शरीरसंबंधच नसतील तर चालतं, पण ती त्या व्यक्तीची नेहमीची राहणी असली पाहिजे. चाचणीपुरता किंवा अधूनमधून पाळलेला संयम ग्राह्य नाही.

आता हे वाक्य घेऊन चाकणला या. मेदनकरवाडीत किंवा कुरुळीत खोली घेऊन तिघी-चौघी मिळून राहणाऱ्या, ठेकेदाराकडून वायरिंगच्या कंपनीत लागलेल्या मुली आहेत. त्यांतली एक लग्न झालेली. नवरा लातूरकडे गावी, थोडी शेती बघतो. दिवाळीला आणि यात्रेला भेट. तिला विचारलं, साधन काय वापरता? ती खरं तेच सांगते: ‘कशाला लागतंय? हे तिकडं, मी इकडं.’ यादीत तिचा रकाना नाही. तिची गाठभेट वर्षातून दोनदा, आणि तिच्यासाठी तांबी म्हणजे पाठदुखी, अंगावरून जास्त जाणं आणि लाइनवर उभं राहून काढायचे आठ तास. तिची कुंडली औषधाशी नव्हे, या एका रकान्याशी जुळत नाही, म्हणून ती बाहेर.

दुसरी बाजू औषधाची. साधन आणि औषध शरीरात एकमेकांना भेटतात, हे संमतीपत्रात क्वचित समजावून सांगितलेलं असतं. क्षयावरचं रिफाम्पिसिन यकृताला असं कामाला लावतं की गर्भनिरोधक गोळीतली संप्रेरकं लवकर मोडून पडतात. गोळी रोज घेऊनही दिवस जाऊ शकतात. आपल्याकडे २०१६ मध्ये बेडाक्विलिन हे क्षयाचं नवं औषध सशर्त उपलब्ध झालं, तेव्हा सरकारी सूचनेतच म्हटलं होतं की बाईनं संप्रेरकांवर न चालणारं साधन वापरावं. म्हणजे तांबी, नाहीतर निरोध. याच बेडाक्विलिनचं प्रमाण रक्तात शेवटी शेवटी निम्म्यावर यायला साडेपाच महिने लागतात. औषध अंगातून गेलं असं धरायला असे पाच टप्पे मोजण्याची रीत आहे. ती इथं शब्दशः लावली तर दोन वर्षांहून जास्त काळ होतो. पंचविशीतल्या बाईला दोन वर्षं मूल नको म्हणून सांगायचं, तर ते सांगणाऱ्यानं तिच्या सासरी एकदा जेवून यावं. उलट काही औषधं दोन दिवसांत निघून जातात आणि प्राण्यांवरच्या अभ्यासांत त्यांनी गर्भाला धक्का लावलेला नसतो. तरी अट तीच, शब्दही तेच, आधीच्या प्रोटोकॉलमधून, म्हणजे चाचणीच्या आराखड्यातून, उचलून चिकटवलेले. माझा खरा आक्षेप या चिकटवण्यावर आहे. जिथं धोका खरा आहे तिथं अट कडकच हवी. थॅलिडोमाइड आजही मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात आणि कुष्ठरोगातल्या एका वेदनादायक प्रतिक्रियेत दिलं जातं, ते वीर्यातही उतरतं, आणि तिथं पुरुषालाही निरोधाची सक्ती आहे. तिला कुणाचा विरोध असायचं कारण नाही.

मराठी घरातलं गर्भनिरोधन म्हणजे काय, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. महाराष्ट्रात विवाहित स्त्रियांतल्या निम्म्याच्या आसपास बायकांचं ऑपरेशन झालेलं आहे. पुरुषांची नसबंदी एक टक्क्याहूनही कमी. आणीबाणीनंतर पुरुषांनी नसबंदीचं नाव टाकलं ते टाकलंच. १९७६ मध्ये आपल्याच विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. या राज्यात सरकारी कागदावर ‘कुटुंब नियोजन अनिवार्य’ असं वाचून पोटात गोळा येणारी पिढी अजून हयात आहे, आणि चाचणीच्या कागदाकडे ती त्याच नजरेनं पाहते.

ऑपरेशन झालेली बाई प्रोटोकॉलच्या दृष्टीनं सर्वांत सोयीची. तिच्याहून सोयीची म्हणजे जिची पिशवीच काढलेली आहे. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा ८२ हजारांहून जास्त जणींपैकी १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली आढळली. त्या पट्ट्यातली किती कुटुंबं आज आळंदी रस्त्याला, खेड तालुक्यात येऊन राहिली आहेत, ते इथल्या दुकानदारांना विचारा. अशी बाई चाचणीला आली तर तिच्या नावापुढे ‘गर्भधारणेची शक्यता नाही’ एवढी खूण होते आणि सगळे निर्धास्त. तिशीत पिशवी का काढली, हे विचारायला त्या फॉर्मवर जागा नसते. आणि नव्यानं लग्न झालेली, बिनलग्नाची, एक मूल झालेली आणि दुसऱ्याचा विचार करणारी, म्हणजे उद्या ते औषध खरोखर घेणार आहे अशी बाई, गाळणीत वरच राहते.

वर राहिली तर बिघडलं काय? पुण्यात काय झालं ते बघा. २६ ऑगस्ट २०२० ला भारती हॉस्पिटलमध्ये सिरम इन्स्टिट्यूटच्या कोव्हिशील्ड या कोविड लशीचा चाचणीतला डोस दिला गेला. पुढे देशभरातून १,६०० स्वयंसेवक झाले. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका त्यात नव्हत्या. १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं तेव्हा गरोदर बायकांना लस नाही, कारण त्यांच्यावर अभ्यास नाही. मग दुसरी लाट आली. मुंबईतल्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेकडे गरोदर रुग्णांची नोंदवही होती. तिच्यातल्या नोंदींवरून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं (आयसीएमआर) सांगितलं, की पहिल्या लाटेत नोंदलेल्या बाधित गरोदर आणि बाळंतिणींपैकी ०.७ टक्के दगावल्या होत्या, दुसऱ्या लाटेत ५.७ टक्के. गरोदर बायकांना लस घेण्याची मुभा २ जुलै २०२१ ला मिळाली. तोवर लाट ओसरली होती. चाचणी करणाऱ्यांनी नियम मोडला असं मी म्हणत नाही. नियम पाळला गेला, आणि त्याची किंमत चाचणीत कधी न आलेल्या बायकांनी चुकवली.

गंमत अशी, की गरोदरपण आणि ही लस यांबद्दल जी थोडी माहिती लवकर हाती आली तीही अट असूनसुद्धा ज्यांना दिवस गेले अशा बायकांकडून. ब्रिटन, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिकेतल्या चाचण्यांत साधन वापरायचं कबूल केलेल्या काहीजणी गरोदर राहिल्या, त्यांचा पाठपुरावा झाला, आणि गर्भपाताचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही.

याच्या उलट करून दाखवलं ते ससूनमध्ये. एचआयव्ही असलेल्या गरोदर बाईला क्षय होऊ नये म्हणून आयसोनियाझिड द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगत होती; गरोदरपणात ते तपासलेलं मात्र नव्हतं. ससूनला जोडलेलं पुण्याचं बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय धरून आठ देशांत ९५६ गरोदर बायकांना घेऊन ते तपासलं गेलं. निम्म्यांना गोळ्या गरोदरपणात, निम्म्यांना बाळंतपणानंतर. २०१९ मध्ये निकाल छापून आला. मृत जन्म, कमी वजन, दिवस पुरे होण्याआधी बाळंतपण, बाळात व्यंग, यांपैकी काही ना काही बिघडण्याचं प्रमाण गरोदरपणात गोळ्या घेतलेल्यांत २३.६ टक्के निघालं, नंतर घेतलेल्यांत १७ टक्के. म्हणजे ज्या औषधाला सगळे निर्धोक समजत होते तेच काळजीचं निघालं. गरोदर बायकांना बाहेर ठेवलं असतं तर त्याच गोळ्या त्याच बायकांना दवाखान्यात मिळत राहिल्या असत्या, फक्त मोजणारं कुणी नसतं.

आता समितीच्या टेबलावरचा एक प्रसंग. संस्थेचं नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. खर्चाचा तक्ता समोर होता. नमुने परदेशी पाठवायचा कुरिअर, ड्राय आइस, स्वयंसेवकाचं जाण्यायेण्याचं भाडं, दर भेटीला गर्भचाचणीची पट्टी, असं सगळं ओळीनं. गर्भनिरोधनाच्या साधनाची ओळ नव्हती. मी विचारलं, तांबी कुठं बसवायची? संशोधक म्हणाले, ‘सरकारी दवाखान्यात फुकट असते.’ खरं आहे. माला-एन फुकट, अंतराचं इंजेक्शन फुकट, छाया गोळी फुकट. पण त्यासाठी आणखी एक खाडा, आणखी एक रांग, आणि बाह्यरुग्ण विभागात गावातली ओळखीची आशाताई भेटण्याची धास्ती. मग शेजारच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी दुसरा प्रश्न काढला: पट्टीवर दोन रेघा आल्या तर प्रथम कुणाला सांगणार? बराच वेळ उत्तर आलं नाही. शेवटी ठरलं, की साधन अभ्यासाच्या खर्चातून. सल्ला स्त्री समुपदेशकानं स्वतंत्र खोलीत द्यायचा. पट्टीचा निकाल फक्त त्या बाईला. नवरा बाहेर बसलेला असेल तर त्याला चहा द्यावा. तो खर्चही तक्त्यात घाला, असं मी म्हटलं. ते मात्र कुणी लिहून घेतलं नाही.

सतरा वर्षांच्या मुलीचं काय? सिरमच्या एचपीव्ही लशीची चाचणी ९ ते २६ वयोगटात झाली. या वयात अट सांगायची कुणाला, मुलीला की आईला? आणि पट्टीवर दोन रेघा उमटल्या तर प्रकरण घरात राहत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं अठराच्या आतल्या मुलीशी झालेला संबंध हा गुन्हा आहे, आणि तो कळूनही पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा. बालविवाह अजून होतात अशा जिल्ह्यांतली माणसं इथं कामाला आहेत. दहा मिलिलिटर लघवीतून हे सगळं निघू शकतं, हे आईबापांची संमती घेण्याआधी त्यांना आणि मुलीला सांगायला हवं. बहुतेक संमतीपत्रांत ते नसतं.

कुणी म्हणेल, बाई फार खोलात शिरताय, एवढ्या अटी घातल्या तर चाचण्या होणारच नाहीत. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, तेव्हाही त्यांना फार खोलात शिरताय असंच ऐकावं लागलं. त्यांचा आग्रह होता की साधन बाईच्या हाती असावं आणि निर्णयही तिचाच. चाचणीच्या अटीत साधन तिच्या अंगात असतं, निर्णय मात्र प्रायोजकाचा. १९८५ मध्ये हैदराबादजवळ पटानचेरूला नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या शिबिरात आलेल्या बायकांना आपण प्रयोगात आहोत हेच ठाऊक नव्हतं, आणि स्त्री संघटनांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. तेव्हापासून आपण पुढे आलो आहोत, हे मान्य. आता बाईला कळतं की ती प्रयोगात आहे. तिनं घ्यायची काळजी तिला कळते. तिची काळजी कोण घेणार, हे शोधायला अजून बारीक अक्षर वाचावं लागतं.

ते बारीक अक्षर वाचून सांगते, कारण ते तुमच्या बाजूचं आहे. २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियमांत कोणत्या इजेला भरपाई, याची यादी आहे. तिच्यात एक बाब अशी, की आई किंवा वडील चाचणीत असल्यामुळे पोटातल्या बाळावर झालेला दुष्परिणाम ही चाचणीचीच इजा. वडीलसुद्धा. आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताच्या कायद्यात साधन फसल्यामुळे राहिलेल्या गर्भासाठी वीस आठवड्यांपर्यंतची मुभा लग्न न झालेल्या बाईलाही आहे. चाचणीत दिवस गेले म्हणून गर्भ पाडायची सक्ती कुणी करू शकत नाही आणि ठेवायचीही नाही. औषध बंद होतं, पण पाठपुरावा बाळंतपणापर्यंत चालायला हवा, आणि बाईचे उपचार तुटता कामा नयेत.

राहिला पुरुष. निरोगी स्वयंसेवकांच्या अभ्यासांत आपल्याकडे बहुतांश पुरुषच असतात, तरुण, पुष्कळदा परप्रांतातून कामाला आलेले. शुक्रपेशी तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून काही औषधांत शेवटच्या डोसनंतर नव्वद दिवस निरोध वापरायला सांगतात. तो सही करतो, मोबदला घेतो आणि सुट्टीत गावी जातो. त्याच्या बायकोनं कशावरही सही केलेली नाही. तिला बहुधा यातलं काही ठाऊकही नाही. तिला दिवस गेले तर तिची माहिती घ्यायला तिची स्वतंत्र संमती लागते, तिच्या भाषेतलं वेगळं पत्र लागतं आणि तिच्यापर्यंत पोचणारा माणूस लागतो. ती बिहारमधल्या एखाद्या गावात असते आणि संशोधकाकडे असतो तिच्या नवऱ्याचा चाकणमधला मोबाइल नंबर, तोही ठेकेदार बदलला की बदलणारा. तिच्यासाठीचं ते पत्र प्रोटोकॉलला जोडलेलं आहे का आणि कोणत्या भाषेत, हा प्रश्न मी आता प्रत्येक प्रस्तावावर पेन्सिलीनं पहिल्याच पानावर लिहून ठेवते.